संघ कुणाचा? मालकाचा की समर्थकांचा?

२०२५ च्या जुलै महिन्यात इंडियन सुपर लीग ही देशातील अव्वल फुटबॉल स्पर्धा बेमुदत थांबवण्यात आली. कारण मैदानावरचे नव्हते, कागदावरचे होते. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० साली भारतीय फुटबॉलचे व्यापारी हक्क ७०० कोटी रुपयांच्या मोबदल्यात पंधरा वर्षांसाठी आयएमजी-रिलायन्सला दिले होते. तो करार डिसेंबर २०२५ मध्ये संपत होता आणि पुढे काय, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. महासंघाने नव्या निविदा काढल्या, तर एकही बोली आली नाही. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. मुंबई सिटी एफसी या क्लबमध्ये २०१९ साली ६५ टक्के हिस्सा घेणारी सिटी फुटबॉल ग्रुप ही परदेशी कंपनी डिसेंबर २०२५ च्या अखेरीस हिस्सा सोडून निघून गेली. शेवटी केंद्रीय क्रीडामंत्र्यांना मध्ये पडावे लागले आणि १४ फेब्रुवारी २०२६ रोजी कमी सामन्यांची स्पर्धा कशीबशी सुरू झाली.

आमचे काही वाचक म्हणतील, या फुटबॉलचा आणि आपल्या समाजाचा संबंध काय? शिष्यवृत्ती थकली आहे, अनुशेष भरला जात नाही, अत्याचाराचे खटले वर्षानुवर्षे रेंगाळत आहेत, आणि तुम्ही चेंडूची गोष्ट काय सांगता? प्रश्न रास्त आहे. परंतु आमचे म्हणणे असे की, जिथे जिथे राबणारा एक आणि मालक दुसरा असतो, तिथे तिथे आपला संबंध येतोच. खेळही त्याला अपवाद नाही.

बहिणाबाईंचे माहेर असलेल्या आमच्या असोद्यासारख्या गावातही आज मोबाईलमुळे युरोपातले सामने पोरांना तोंडपाठ आहेत. कुणाची बचावफळी भक्कम, कुणी किती कोटींना कोणता खेळाडू घेतला, यावर तावातावाने वाद होतात. या वादात एक प्रश्न मात्र क्वचितच निघतो. ज्या संघासाठी आपण घसा कोरडा करतो, तो कायद्याने कुणाच्या मालकीचा आहे? उद्या मालकाने कुलूप लावले, तर तुम्ही-आम्ही काय करू शकतो? संघाची ताकद अकरा खेळाडूंवरून मोजण्याची आपल्याला सवय लागली आहे. ती खरी मोजली पाहिजे मालकीच्या कागदावरून.

आपल्याच राज्याचा इतिहास पाहा. महिंद्रा युनायटेड या मुंबईच्या संघाने २००५-०६ ची राष्ट्रीय फुटबॉल लीग जिंकली. २०१० मध्ये कंपनीने संघ बंद केला. एस्सेल समूहाचा मुंबई एफसी २००७ साली निघाला, २०१७ मध्ये संपला. पुण्याची कहाणी तर यापेक्षा बोलकी आहे. पिरामल समूहाचा पुणे एफसी २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ नंतर दिसेनासा झाला. कल्याणी समूहाचा भारत एफसी आय-लीगचा एकच हंगाम खेळला. डीएसके शिवाजीयन्स २०१७ मध्ये बाहेर पडला. राहिला एफसी पुणे सिटी. तो २०१४ मध्ये वाजतगाजत आला, सिनेनट हृतिक रोशन सहमालक होता, आणि २०१९ मध्ये पैशाअभावी तोही बंद झाला.

पुढचा भाग अधिक विचार करायला लावणारा आहे. पुणे सिटीची लीगमधली जागा हैदराबाद एफसीला मिळाली. हैदराबादने २०२१-२२ मध्ये अजिंक्यपद पटकावले. म्हणजे संघ दुबळा होता असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही दोनच वर्षांत पगार थकले, खेळाडू एकामागून एक निघून गेले, मालक बदलले, आणि २०२५ मध्ये तो क्लब दिल्लीला नेऊन त्याचे नाव स्पोर्टिंग क्लब दिल्ली असे ठेवण्यात आले. अकरा वर्षांत एक जागा तीन शहरे फिरली. पुण्याच्या प्रेक्षकाला कोणी विचारले नाही, हैदराबादच्याही नाही. का विचारावे? कायद्याच्या नजरेत तो फक्त तिकीट घेणारा गिऱ्हाईक आहे. दुकान हलवताना दुकानदार गिऱ्हाइकाची परवानगी घेत नाही.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. ज्या स्कॉटलंडमध्ये फुटबॉल घराघरात पोचलेला आहे, तिथेही हेच घडले. ग्लासगोचा रेंजर्स हा तिथला बलाढ्य क्लब. मे २०११ मध्ये तो क्रेग व्हाईट या व्यावसायिकाला एका पौंडात विकला गेला. क्लबवर बँकेचे कर्ज होते. नव्या मालकाने ते कशातून फेडले? समर्थक पुढच्या काही वर्षांत जी तिकिटे विकत घेणार होते, त्यांचे उत्पन्न आधीच एका कंपनीला विकून! म्हणजे लोकांच्या निष्ठेवरच उचल काढली गेली. फेब्रुवारी २०१२ मध्ये क्लब दिवाळखोरीच्या प्रशासकाकडे गेला, कर खात्याने तडजोड नाकारली, जुनी कंपनी मोडीत निघाली. नव्या कंपनीला चौथ्या, म्हणजे सर्वात खालच्या श्रेणीतून सुरुवात करावी लागली. अनेक नावाजलेल्या खेळाडूंनी नव्या कंपनीकडे जाण्यास नकार दिला आणि ते क्लबला एक पैसाही न मिळता दुसरीकडे गेले. वरच्या श्रेणीत परतायला २०१६ साल उजाडले.

त्याच देशातले ग्रेटना हे तर सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. ब्रुक्स माइलसन या एका धनिकाने गावच्या क्लबमध्ये पैसा ओतला. लागोपाठ तीन बढत्या मिळाल्या, २००६ मध्ये संघ स्कॉटिश कपच्या अंतिम सामन्यापर्यंत गेला, २००७ मध्ये सर्वोच्च श्रेणीत पोचला. गावचे मैदान त्या श्रेणीच्या निकषात बसेना म्हणून घरचे सामने दुसऱ्या गावी खेळावे लागले. २००८ मध्ये तो धनिक आजारी पडला, पैसा थांबला आणि त्याच वर्षी क्लब संपला. एका माणसाच्या खिशावर उभे राहिलेले वैभव त्या माणसाबरोबर गेले. नंतर गावकरी समर्थकांनी ग्रेटना २००८ या नावाने खालच्या पायरीवरून पुन्हा सुरुवात केली.

आता तिसरे उदाहरण, आणि आमच्या दृष्टीने सर्वात महत्त्वाचे. एडिनबराचा हार्ट्स हा क्लब २०१३ मध्ये असाच बुडाला. त्याचे पंधरा गुण कापले गेले, तो खालच्या श्रेणीत गेला. परंतु तिथल्या समर्थकांनी फाउंडेशन ऑफ हार्ट्स नावाची संस्था उभी केली. अ‍ॅन बज या उद्योजिकेने तातडीचे पैसे घातले आणि हजारो समर्थकांनी दरमहा वर्गणी भरून ते फेडले. ऑगस्ट २०२१ मध्ये क्लबचा बहुसंख्य हिस्सा त्या संस्थेच्या नावावर झाला. २०२५ मध्ये टोनी ब्लूम हा मोठा गुंतवणूकदार सुमारे एक कोटी पौंड घेऊन आला, तेव्हा सभासदांनी मतदान करून त्याला २९ टक्के शेअर दिले; पण ते मताचा अधिकार नसलेले शेअर होते. पैसा घेतला, मत दिले नाही. कायद्याचा अभ्यास करणाऱ्या आमच्यासारख्यांना यात मोठा धडा दिसतो. श्रीमंताची मदत घ्यायलाच नको असे नाही. मदतीच्या बदल्यात आपण काय लिहून देतो, हे पाहिले पाहिजे.

आपल्या समाजाला हा धडा नवा नाही. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्यांच्या गोलंदाजीवर हिंदूंचा संघ गोऱ्यांना हरवत असे. परंतु पुण्यात त्यांना चहा मिळे तो पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात. संघाचे कर्णधारपद त्यांना अखेरपर्यंत मिळाले नाही. १९२३ मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना ते मिळाले, तेही मोठ्या वादंगानंतर. का? कारण गोलंदाजी बाळूंच्या हातात होती, पण जिमखाना त्यांच्या हातात नव्हता. संघ निवडणारे, चहाची भांडी ठरवणारे वेगळेच होते. गुणवत्ता असूनही मालकी नसेल तर माणसाची काय अवस्था होते, हे याहून स्पष्ट कोणते उदाहरण सांगेल?

महाराष्ट्रात दुसरी वाटही आहे. कोल्हापुरात पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम, शिवाजी तरुण मंडळ अशी नावे घेतली की सारे शहर राजर्षी शाहू स्टेडियमकडे धावते. हे संघ कंपन्यांचे नाहीत, पेठांचे आहेत. तिथे सगळे आलबेल आहे असा आमचा दावा नाही. समर्थकांत हाणामाऱ्या होतात, पुढाऱ्यांचा पैसा शिरतो, बाहेरून खेळाडू आणण्याची स्पर्धा लागते. तरीही एक गोष्ट नाकारता येणार नाही. पुण्यात बड्या उद्योगसमूहांचे चार क्लब बारा वर्षांत आले आणि गेले. कोल्हापुरातली तालीम मात्र उचलून हैदराबादला नेता येत नाही. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारतासाठी खेळला.

यावर कोणी म्हणेल, लोकांच्या मालकीचे कौतुक जळगाव जिल्ह्याला सांगू नका. पतसंस्थांनी ठेवीदारांचे काय केले ते आम्ही पाहिले आहे. हा आक्षेप आम्ही गंभीरपणे घेतो. नाव लोकांचे आणि किल्ली चौघांकडे, अशी संस्था खासगी कंपनीपेक्षाही घातक ठरते, कारण तिथे विश्वासाचीच लूट होते. म्हणूनच नुसती सभासदांची यादी पुरेशी नाही. ताळेबंद सभेत वाचला गेला पाहिजे, प्रश्न विचारणाऱ्याला गप्प बसवता कामा नये आणि निवडणूक वेळेवर झाली पाहिजे. राजकारणात एक माणूस एक मत, आणि आर्थिक जीवनात मात्र मूठभरांची सत्ता, ही विसंगती फार काळ चालू ठेवणे धोक्याचे आहे, असा इशारा बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत दिला होता. तो खेळाच्या संस्थांनाही तितकाच लागू पडतो.

सर्वोच्च न्यायालयाने फुटबॉल महासंघाच्या घटनेसंबंधीच्या खटल्यात १९ सप्टेंबर २०२५ रोजी निकाल दिला. त्यात न्या. नरसिंह आणि न्या. बागची यांच्या खंडपीठाने खेळाच्या सुविधा व संधी ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती मानली आणि ती शहरी धनिकांपुरती मर्यादित राहू नये, असे स्पष्ट केले. संविधानाच्या अनुच्छेद ३९ (ख) मधील हीच भाषा आपण जमिनीच्या आणि पाण्याच्या लढ्यात वापरत आलो आहोत. आता ती मैदानापर्यंत पोचली आहे. निकाल आपोआप गावात येत नसतो, तो मागून घ्यावा लागतो.

मग आपण करायचे काय? गावातल्या तरुणांचे क्रीडा मंडळ असेल तर ते संस्था नोंदणी अधिनियम, १८६० आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदवून घ्या. धर्मादाय आयुक्तांच्या जिल्हा कार्यालयात हे काम होते. कार्यकारिणी बदलली की नव्वद दिवसांत बदल अर्ज दाखल करा. हा अर्ज न भरल्यामुळे असंख्य मंडळे वर्षानुवर्षे जुन्याच चार नावांवर अडकून पडतात. हिशेब दरवर्षी तपासून घ्या. मैदान ग्रामपंचायतीचे असेल तर त्याचा ठराव लेखी घ्या. आणि आपला मुलगा वा मुलगी एखाद्या अकादमीत वा क्लबमध्ये जात असेल, तर करार वाचल्याशिवाय सही करू नका. पगार थकला तर दाद कुठे मागायची, दुखापतीचा खर्च कोण करणार, क्लब बंद पडला तर मुलगा मोकळा होणार की अडकून राहणार, हे तीन प्रश्न आधी विचारा. गणवेशावरच्या नावाला भुलू नका.

आपल्याला हे जमणार नाही असे कोणी समजू नये. वर्गणीच्या पावतीपुस्तकावर उभी राहिलेली जयंती आणि एखाद्या पुढाऱ्याच्या पैशावर झालेली जयंती, यांतला फरक आपल्या वस्तीतले लहान पोरही सांगेल. पहिल्या जयंतीत हिशेब विचारता येतो. दुसऱ्या जयंतीत बॅनरवर पुढाऱ्याचा फोटो बाबासाहेबांपेक्षा मोठा असतो आणि विचारायची सोय नसते. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली तेव्हा शिक्षणाचे काम स्वतःच्या नावाची मालमत्ता न करता संस्थेच्या हवाली केले. माणूस जातो, संस्था टिकली पाहिजे, हा त्यामागचा विचार होता.

सामने जरूर पाहा. कोणाची फळी भारी यावर वादही घाला, त्यात गैर काही नाही. पण त्या वादात यापुढे मालकी कुणाची, मत कुणाला आणि हिशेब कुठे, हे प्रश्नही येऊ द्या. ज्या दिवशी खेड्यातला पोरगा खेळाडूच्या किमतीबरोबर क्लबचा ताळेबंदही विचारू लागेल, त्या दिवसापासून त्याला नुसता गिऱ्हाईक समजून चालणार नाही, सभासद म्हणून त्याची दखल घ्यावीच लागेल.