कोंबडे झाकून भागणार नाही

उरण तालुक्यातील चिरनेर गावात २०२५ च्या जानेवारीत परसातल्या कोंबड्या मरू लागल्या, आणि त्यांना बर्ड फ्लूच्या विषाणूची बाधा झाल्याचे तपासणीअंती निष्पन्न झाले, तेव्हा हा रोग रायगड जिल्ह्याच्या अंगणात येऊन ठेपल्याचे उघड झाले. त्याआधी २०२२ च्या फेब्रुवारीत ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील वेहळोली येथे हीच आपत्ती ओढवली होती व परिसरातील सुमारे पंचवीस हजार पक्षी नष्ट करण्याचा निर्णय प्रशासनाला घ्यावा लागला होता. नकाशा उघडून पाहावा. कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके या दोन गावांच्या मधोमध पडतात. एका अंगाने मुरबाडवरून शहापूरकडे जाणारा रस्ता, दुसऱ्या अंगाने पनवेलवरून उरणकडे उतरणारा रस्ता, आणि या रस्त्यांवरून रात्रंदिवस धावणारी कोंबड्यांची, अंड्यांची व खाद्याची वाहने. दोन्ही शेजाऱ्यांच्या घरी येऊन गेलेला पाहुणा आपल्या दारी फिरकणारच नाही, असे मानून स्वस्थ बसणे शहाणपणाचे नाही. तो आलाच तर त्याची खबर पहिल्या दिवशी लागेल की पंधराव्या, एवढाच प्रश्न आपल्या हाती आहे, आणि त्याच प्रश्नाचा विचार आज कर्तव्य आहे.

या दोन तालुक्यांत पक्षी पाळणाऱ्यांचे तीन वर्ग आहेत. पहिला वर्ग पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये हजारो मांसल कोंबड्या वाढवणाऱ्या शेतकऱ्यांचा. दुसरा वर्ग ठाकूर व कातकरी बांधवांच्या वाड्यांतला आणि गावोगावच्या परसातला. येथे दहापाच गावठी कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरतात, रात्री डालग्याखाली किंवा खुराड्यात झाकल्या जातात, आणि अडीअडचणीला मीठमिरचीचे पैसे देतात. तिसरा वर्ग आपल्या, म्हणजे शहरातल्या सुखवस्तू मंडळींचा. उल्हास, पेज आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत ज्यांनी शेतघरे बांधली व हौसेखातर तेथील तळ्यात बदके-हंस सोडले, ते सारे या वर्गात येतात. विषाणूला हे वर्गभेद कळत नाहीत. नियम मात्र बव्हंशी पहिल्या वर्गाकडे पाहून केलेले आहेत, आणि तेथेही त्यांचे पालन सर्वत्र सारख्या काटेकोरपणे होते असे धाडसाने कोणी म्हणू शकणार नाही.

हे नियम काही अगम्य शास्त्र नव्हे. शेडच्या दारात जंतुनाशकाचे पाणी असावे व त्यात पाय बुडवूनच आत जावे. शेडसाठी वेगळी पादत्राणे व वेगळे कपडे असावेत. वाहनाची चाके फवारून घ्यावीत. खिडक्यांना जाळी असावी, म्हणजे कावळे-चिमण्या आत येणार नाहीत. खाद्य व पाणी उघड्यावर ठेवू नये. बदके व कोंबड्या एकत्र पाळू नयेत. एक खेप संपूर्ण बाहेर गेल्यावर शेड धुऊन काही दिवस रिकामी ठेवावी आणि मगच नवी पिल्ले भरावीत. मेलेला पक्षी ओढ्यात किंवा उकिरड्यावर न फेकता चुना टाकून खोल पुरावा. या प्रत्येक नियमामागे कारण आहे. रानबदकांसारखे पाणपक्षी हा विषाणू बाळगूनही अनेकदा धडधाकट दिसतात व विष्ठेवाटे तो पसरवीत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने दिलेल्या माहितीनुसार थंड हवेत, म्हणजे चार अंश सेल्सिअसला, हा विषाणू विष्ठेत निदान पस्तीस दिवस तग धरू शकतो; सदतीस अंशांच्या उष्म्यातही तो सहा दिवस टिकल्याचे आढळले आहे. म्हणजे रोग्याला स्वतः प्रवास करण्याची गरजच उरत नाही. न धुतलेला पिंजरा, अंड्यांचा ट्रे, खाद्याचे परत आणलेले पोते, बागेसाठी आणलेले कोंबडखत आणि माणसाच्या वहाणेचा तळवा, एवढी वाहने त्याला पुरेशी आहेत.

तथापि सर्वांत मोठे छिद्र जाळीत नाही, ते खबर मिळण्यात आहे, हे महाराष्ट्राने एकदा फार महाग किंमत देऊन शिकलेले आहे. भारतातील पाळीव कोंबड्यांमध्ये हा रोग प्रथम सापडला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे. भोपाळच्या प्रयोगशाळेने १८ फेब्रुवारी २००६ रोजी तसा निर्वाळा दिला. परंतु कोंबड्या मरत होत्या त्या त्याच्या कितीतरी दिवस आधीपासून, आणि तोवर त्या राणीखेतने मरत आहेत असे समजले जात होते. राणीखेत म्हणजे आपल्या खेड्यांतली मानमोडी. हा घोटाळा अडाणीपणाचा नव्हता. दोन्ही रोगांत कोंबडी सुस्त होते, मान टाकते, धापा घेते आणि पाहता पाहता खुराडे रिकामे होते. प्रयोगशाळेवाचून भल्या पशुवैद्यालाही नुसत्या डोळ्यांनी भेद करता येणे कठीण.

येथेच कर्जत-खालापूरच्या वाड्यांचा प्रश्न उभा राहतो. ज्या घरात मानमोडीने खुराडे ओस पडणे ही परंपरागत गोष्ट आहे, त्या घरातील बाई दहा कोंबड्या एका रात्रीत मेल्या म्हणून तालुक्याच्या दवाखान्याकडे धाव का घेईल? तिच्या अनुभवाप्रमाणे हे असेच चालायचे. उरलेल्या दोन कोंबड्या ती घाईने विकील किंवा कापून खाईल, आणि मेलेल्या ओढ्याकाठी टाकील. तिला दोष देणे सोपे आहे, न्याय्य नाही. मानमोडीवर लस आहे, ती स्वस्त आहे आणि दीर्घकाळ वापरातली आहे. ही लस प्रत्येक वाडीतील प्रत्येक कोंबडीला नियमितपणे मिळू लागली, तर मानमोडीने होणारे मरण विरळ होईल आणि मग कोंबड्यांचे एकाएकी मरणे ही पुन्हा एक बातमी ठरेल. लस मानमोडीची, पण तिचा दुसरा लाभ असा की बर्ड फ्लूला लपण्याची जागा उरणार नाही. आमच्या मते या दोन तालुक्यांत करण्याजोगे सर्वांत स्वस्त व सर्वांत परिणामकारक काम हेच आहे, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. पशुवैद्यकीय दवाखान्यांतील रिक्त जागा भरणे आणि पशुधन पर्यवेक्षकाला लस थंड ठेवण्याची पेटी व वाडीपर्यंत जाण्याचे साधन देणे, एवढेच लागते.

मानमोडी हा शब्द उच्चारताना आणखी एक आठवण होणे अपरिहार्य आहे. १९१८ साली मुंबई बंदरातून शिरलेल्या ज्या इन्फ्लुएंझाने देशभर एक कोटीहून अधिक माणसे नेली, त्या साथीलाही आपल्या आजा-पणज्यांनी मानमोडी हेच नाव दिले होते. त्या साथीच्या विषाणूची जनुके पक्ष्यांतील विषाणूंशी जवळचे नाते सांगतात, असे २००५ मधील संशोधनाने दाखविले. एकच नाव कोंबडीच्या आणि माणसाच्या रोगाला लाभावे, हा भाषेचा योगायोग खरा; पण त्यातील इशारा योगायोगाचा नाही. हाँगकाँगमध्ये १९९७ साली एच५एन१ या विषाणूने अठरा माणसांना गाठले व त्यांतील सहा दगावली. आपल्याकडे २०२१ मध्ये हरियाणातील एका अकरा वर्षांच्या मुलाचा दिल्लीत या रोगाने अंत झाला. २०२४ पासून तो अमेरिकेत दुभत्या गाईंमध्ये पसरला, आणि त्याच वर्षअखेर नागपूरच्या गोरेवाडा केंद्रातील तीन वाघ व एक बिबट्या त्याने नेला. माणसाकडून माणसाकडे सहजी पसरण्याची कला या विषाणूला अद्याप साधलेली नाही. सर्वसामान्य नागरिकाने घाबरून जाण्याचे त्यामुळे कारण नाही. परंतु प्रत्येक दडवलेली साथ ही त्याला दिलेली एक नवी संधी आहे, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

मग साथ दडवली का जाते? भीतीने. रोगाची खात्री पटताच एक किलोमीटरच्या आतील सर्व पाळीव पक्षी, धडधाकट असले तरी, मारले जातात. दहा किलोमीटरपर्यंतचा टापू देखरेखीखाली जातो आणि वाहतूक व विक्री यांवर निर्बंध येतात. हे उपाय कठोर आहेत, पण आवश्यक आहेत, याविषयी आमच्या मनात संदेह नाही. प्राण्यांमधील संक्रामक व सांसर्गिक रोगांसंबंधीच्या २००९ च्या कायद्याने रोगाचा संशय येताच खबर देणे हे मालकाचे कर्तव्य ठरविले आहे. आणि शासन भरपाईही देते; तिचा भार केंद्र व राज्य निम्मानिम्मा उचलतात. पण ती मिळते सरकारी पथकाने मारलेल्या पक्ष्यांची, नष्ट केलेल्या अंड्यांची व खाद्याची. आधीच मेलेल्या कोंबडीची नव्हे. या नियमात शहाणपण आहे, कारण लवकर खबर देणाऱ्याचा त्याने लाभ होतो आणि उशीर करणाऱ्याचे नुकसान. मात्र हा हिशेब त्या वाडीतील बाईला कोणी कधी सांगितला आहे काय? जो नियम साथ आल्यानंतर लाऊडस्पीकरवरून कळतो तो शिक्षेसारखा वाटतो. तोच हिवाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत समजावून सांगितला तर आधार वाटतो. आणि भरपाई जर कागदपत्रांच्या फेऱ्यांत महिनोन्‌महिने अडकून पडणार असेल, तर पुढच्या वेळी खबर येणार नाही, हे सांगण्यास ज्योतिषी नको. गावठी कोंबड्यांची रक्कम फार मोठी नसते. ती त्याच दिवशी, त्याच अंगणात, हातात किंवा खात्यात पडली पाहिजे.

शेडवाल्या शेतकऱ्याची अडचण निराळी आहे. कंत्राटी पद्धतीत पिल्ले, खाद्य व औषधे कंपनीची. शेड, वीज, पाणी आणि राबणूक शेतकऱ्याची. त्याला मिळते ती संगोपनाची मजुरी. पक्षी मारले गेले तर पक्ष्यांची भरपाई ही पक्ष्यांच्या मालकीला अनुसरून जाणार; परंतु ज्याची मजुरी बुडाली, ज्याची शेड पुढे कित्येक आठवडे रिकामी राहणार आणि ज्याच्या कर्जाचे हप्ते थांबणार नाहीत, त्याचे काय? नियम पाळण्याचा खर्च एकाने सोसायचा आणि संरक्षण दुसऱ्याला मिळायचे, ही व्यवस्था टिकाऊ नव्हे. कंपन्यांच्या करारपत्रांत अशा प्रसंगी संगोपकाला काय मिळेल याचे स्पष्ट कलम असावे, आणि शासनाने ते असल्याची खातरजमा करावी, ही आमची मागणी आहे. २०२५ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने देशातील सर्व कुक्कुटपालन केंद्रांची राज्याच्या पशुसंवर्धन खात्याकडे महिनाभरात नोंदणी करण्याचे ठरविले. ही नोंदणी केवळ वहीत नावे भरण्यापुरती राहू नये. कोणत्या शेडमध्ये कोणाचे पक्षी आहेत, वाहने कोठून येतात, मेलेले पक्षी व खत कोठे जाते, हे तीत नमूद असेल तरच आपत्तीच्या दिवशी तिचा उपयोग. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२४ पासून घरी एक कोंबडी पाळणाऱ्यालाही नोंदणी सक्तीची झाली आहे. आपल्याकडे इतकी सक्ती आजच्या घडीला शक्य नाही. पण शेतघरांच्या हौशी मालकांपासून तिचा प्रारंभ करण्यास कोणती हरकत आहे? त्यांना लिहिता-वाचता येते, त्यांच्याजवळ साधने आहेत, आणि त्यांच्या तळ्यातले बदक पलीकडच्या वाडीचे खुराडे बुडवू शकते.

अखेरचे कर्तव्य आम्हा शहरवासीयांचे, खाणाऱ्यांचे. गटारीच्या आठवड्यात ज्यांच्या मागणीने या तालुक्यांतील शेड रिकाम्या होतात, तेच लोक एक अफवा ऐकताच कोंबडीकडे पाठ फिरवतात. २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये कोंबडीमुळे करोना होतो अशी धादांत खोटी आवई उठली आणि कुक्कुटपालकांचे कंबरडे मोडले. सत्तर अंशांवर पूर्ण शिजविलेल्या मांसात व अंड्यांत हा विषाणू जिवंत राहत नाही. आपल्या घरी रस्सा जितका वेळ उकळतो त्याने हे काम चोख होते. ग्राहक विवेकाने वागणार असेल तरच उत्पादक सत्य सांगण्याचे धैर्य करील. बातमी फुटली की बाजार बसतो, हे ज्याला अनुभवाने ठाऊक आहे तो बातमी फुटू देणार नाही. या अर्थाने वाडीतले मौन आणि शहरातली घबराट एकमेकांना पोसत असतात.

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. दरवर्षी थंडी पडण्यापूर्वी कर्जत आणि खालापूरच्या प्रत्येक ग्रामसभेत बर्ड फ्लूची लक्षणे, भरपाईचे दर आणि खबर देण्याचा १९६२ हा निःशुल्क क्रमांक वाचून दाखवावा. वाड्यांत मानमोडीच्या लसीची फेरी चुकू देऊ नये. पिंजरे व वाहने धुण्याची सोय जेथे पक्षी भरले जातात तेथेच सक्तीची करावी. आणि प्रथम खबर देणाऱ्याला गुन्हेगाराची नव्हे, गावाच्या रक्षकाची वागणूक मिळावी. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, ही म्हण आपल्या पूर्वजांनी सत्य दडपू पाहणाऱ्यांसाठी केली. मेलेले कोंबडे झाकणाऱ्यालाही ती तितकीच लागू आहे. फरक इतकाच की त्याला ते झाकण्याची गरज भासू नये, याची व्यवस्था करणे हे शासनाचे आणि आपले काम आहे.