समुद्रातून तार आली, वस्तीत कधी?

अकोल्याच्या जठारपेठेत मोबाईलवर दिसणारा परदेशातला व्हिडिओ बहुधा उपग्रहातून नाही, तर समुद्रतळावरच्या फायबर केबलमधून मुंबईसारख्या किनाऱ्यावर उतरून आलेला असतो.

१० ऑगस्ट २०२० रोजी सुमारे २,३०० किलोमीटरची चेन्नई–अंदमान केबल सुरू झाली; जानेवारी २०२४ मध्ये कोची–लक्षद्वीप. त्याआधी ही बेटे उपग्रहाच्या तोकड्या वेगावर होती. लोकवस्ती थोडी, नफा कमी. म्हणून खर्च सार्वत्रिक सेवा दायित्व निधीतून झाला. हा निधी दूरसंचार कंपन्यांच्या महसुलावरील आकारणीतून, म्हणजे शेवटी आपल्याच रिचार्जमधून उभा राहतो.

ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेणाऱ्या भारतनेटलाही हाच निधी. बेटांसाठी समुद्र ओलांडता येतो, तर आमच्या गावांतल्या वस्त्या मागे का राहाव्यात? शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर ऑनलाइन भरावा लागतो. नेट नसेल तर मुदत हुकते आणि फटका गरीब विद्यार्थ्याला बसतो.

म्हणून नेट ही मेहेरबानी नाही, शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे असे आम्ही मानतो. येत्या ग्रामसभेत विचारू या: आपल्या पंचायतीची भारतनेट जोडणी चालू आहे का? उत्तर मिळाले नाही, तर माहिती अधिकारात अर्ज टाकू या. जय भीम!