आळ यंत्रावर, दोष भिंतीत

वैशाखाचा उकाडा सुरू झाला की ठाण्यातील वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतील जुन्या इमारतींच्या जिन्यांतून एसी दुरुस्त करणारे कारागीर हत्यारांची पिशवी खांद्याला लावून वरखाली करू लागतात, आणि ‘सुरू होतो, दोन मिनिटं घरघरतो, बंद पडतो’ ही तक्रार त्यांना मजल्यामजल्यावर ऐकावी लागते. निकालही बहुधा ठरलेलाच : कपॅसिटर गेला, नवा घाला. कपॅसिटर उष्णतेने क्षीण होतो हे खरे. परंतु तोच भाग त्याच घरात दर उन्हाळ्यात निकामी होत असेल, तर दोष यंत्रात नसून भिंतीत आहे अशी शंका घेण्यास सबळ कारण आहे, आणि तिची शहानिशा केल्यावाचून केलेली दुरुस्ती म्हणजे निव्वळ खर्चाची वहिवाट होय.

ही घरे बांधली गेली तेव्हा मध्यमवर्गीय संसाराची विजेची गरज पंखे, दिवे, रेडिओ आणि फार तर इस्त्री एवढ्यावर भागत असे. दीड टनाचा साधा एसी सात-आठ अँपिअर सतत ओढतो आणि कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट मागतो. एवढ्या मागणीची तजवीज त्या जुन्या तारांत केलेलीच नव्हती.

तपासाची रीत मात्र अवघड नाही. यंत्र चालू असताना घराच्या मुख्य बोर्डावर आणि एसीच्या सॉकेटवर जाणत्या वायरमनकडून व्होल्टेज मोजून घ्यावे. समजा, बोर्डावर 228 आणि सॉकेटवर 208 भरले, तर मधले 20 व्होल्ट वाटेतच खर्ची पडले. त्यांना 7 अँपिअरने गुणले की 140 वॅट होतात, आणि ती उष्णता बहुतांशी एखाद्याच सैल जोडात कोंडली असेल तर भिंतीच्या आत काय चालले आहे ते निराळे सांगावयास नको. मुख्य स्विच बंद करून प्लग उपसून पाहिला, तर पिनेभोवतीचा तपकिरी डाग आणि करपट वास यांची साक्ष पुष्कळदा तिथेच मिळते. शिवाय मोटरीचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटत असल्यामुळे 230 च्या जागी 200 मिळाले की तो जवळजवळ पाऊण भागावर येतो. कॉम्प्रेसर घरघरतो तो यामुळेही. बोर्डावरच व्होल्टेज खाली असेल, तर मामला मीटरखोलीचा अथवा महावितरणच्या वाहिनीचा.

खरा आक्षेपार्ह प्रघात याहून निराळाच आहे. 16 अँपिअरचा एमसीबी वारंवार पडतो म्हणून तिथे 32 चा बसवून देणाऱ्याला आपल्याकडे हुशार समजतात! एमसीबी असतो तो मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी. तार तीच ठेवून तो मोठा करणे म्हणजे तार जळू देण्याची परवानगी देणे होय. 30 मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारा आरसीसीबी वगळून थेट जोडणी देणे हा तर याहून गंभीर अपराध आहे, कारण तो पडतो तेव्हा पणाला लागलेला असतो माणसाचा जीव.

कपॅसिटरात वीज तोडल्यानंतरही प्रभार शिल्लक राहत असल्यामुळे घरधन्याने तिथे हात घालू नये. त्याने बिलावरचा मंजूर भार वाचावा, एसीसाठी मुख्य बोर्डापासून स्वतंत्र जाड तार परवानाधारक वायरमनकडून ओढून घ्यावी, आणि पुनर्विकासाच्या आशेवर बसलेल्या सोसायट्यांनीही मीटरखोलीतील न्यूट्रल व अर्थिंगची तपासणी पुढच्या सभेवर न ढकलता याच महिन्यात उरकावी.