पाळणा फिरला, पण सात आठवडे उशिरा



जत्रेत पाळण्यात बसला नाही असा आपल्यात कोण असेल? लाकडी पाळणे फार जुने. पण आजचा लोखंडी आकाशपाळणा ज्याच्यावरून आला, तो १८९३ साली अमेरिकेत, शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभा राहिला. स्वामी विवेकानंद बोलले ती सर्वधर्म परिषदही याच प्रदर्शनाच्या निमित्ताने भरली होती.

१८८९ च्या पॅरिस प्रदर्शनात आयफेलने ३०० मीटरचा मनोरा उभारला होता. त्याला तोडीस तोड काहीतरी करा, असे आव्हान शिकागोचे बांधकामप्रमुख बर्नहॅम यांनी इंजिनिअर मंडळींना दिले. पुढे आला पिट्सबर्गचा जॉर्ज फेरिस. त्याचा धंदा पुलांचे पोलाद तपासण्याचा. २५० फूट व्यासाचे चाक, ३६ डबे, एका डब्यात ६० माणसे, असा त्याचा आराखडा. पुष्कळ जण म्हणाले, हे कोसळणार! व्यवस्थापनाने परवानगी दिली, मग काढून घेतली आणि पुन्हा दिली ती १८९२ च्या डिसेंबरात. ऐन हिवाळा, जमीन गोठून दगड झालेली. वाफ सोडून ती मऊ केली, तेव्हा कुठं पाया भरला. प्रदर्शन उघडले १ मे रोजी. चाक सुरू झाले २१ जूनला. सात आठवड्यांचे उत्पन्न बुडाले ते बुडालेच.

उरलेल्या दिवसांत चौदा लाखांवर तिकिटे खपली. तरी नफ्याच्या वाटणीचा वाद कोर्टात गेला आणि १८९६ साली, वयाच्या ३७ व्या वर्षी, फेरिस ओढगस्तीतच वारला. चाक मोडले नाही, माणूस मोडला.

माझे म्हणणे एवढेच. शंका काढणे हा संचालकांचा हक्क आहे, सभासदांचाही आहे. पण शंका असेल तर तारीख ठरवून तपासा आणि हो की नाही ते एकदाच सांगा. पट्टा पडला की ओव्हरहॉलिंगची यादी टेबलावर यायला हवी. तिथं महिनाभर कागद फिरला, तर बॉयलर उशिरा पेटतो, फिटर रात्रंदिवस राबतो आणि शेतातल्या उसाला तुरा येऊन वजन घटते. निर्णय लांबवणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही. जाते ते आपल्या उसाच्या बिलातून.

येत्या वार्षिक सभेत हा प्रश्न प्रत्येकाने उठून विचारावा, ही विनंती.

— एक ऊस उत्पादक सभासद