तसबिरीच्या पाठीवर



छायाचित्र बोलके असते, असे आपण सहज म्हणून जातो. थोडा विचार केला तर ध्यानात येते, की छायाचित्राइतकी मुकी वस्तू घरात क्वचितच सापडेल. पोथीच्या शेवटी लेखनिकाचे नाव असते, पितळी गुंडावर आजीच्या नावाची अक्षरे कोरलेली असतात, जमिनीच्या कागदावर खातेदाराची नोंद असते. छायाचित्र मात्र चेहरा दाखवते, पोशाख दाखवते, अंगावरचे दागिने मोजून घ्यायला लावते, आणि ‘हा कोण?’ या पहिल्याच प्रश्नाला गप्प बसते. त्याच्या वतीने कोणीतरी बोलावे लागते. तो बोलणारा घरात आहे तोवर ती तसबीर त्या घराची असते. तो गेला, की ती कोणाचीही होऊ शकते आणि बहुधा कोणाचीच राहत नाही.

या महिन्यात बेटांवर राहून मासेमारी करणाऱ्या लोकांच्या जुन्या छायाचित्रांविषयी लिहावयाचे योजिले आहे. पांढुर्णा-सौंसरकडच्या वाचकांना हा विषय दूरचा वाटेल. आपल्याकडे संत्र्यांचे बगीचे आहेत, समुद्र नाही. आपली जाम नदी कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि प्राणहिता-गोदावरीच्या वाटेने आपले पाणी शेवटी जाते तेही पूर्वेच्या समुद्राला. मुंबईच्या कोळ्यांचा समुद्र पश्चिमेचा. तरीही त्या छायाचित्रांची कथा आपल्या ओसरीवरच्या भिंतीपर्यंत येऊन पोहोचते. ती कशी, ते क्रमाने पाहू.

आज जिला आपण एक अखंड नगरी म्हणून ओळखतो ती मुंबई मूळची सात बेटांची: कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम. या बेटांवरचे जुने रहिवासी म्हणजे कोळी, आणि ज्या मुंबादेवीवरून शहराला नाव मिळाले तिचे ते पूर्वापारचे भक्त. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून बांध घालून व भराव टाकून ही बेटे सांधली जाऊ लागली. १८३८ साली कुलाब्याचा बांध पुरा झाला, १८४५ साली माहीम-वांद्र्याचा. नेमक्या याच दोन सालांच्या मध्ये, १८३९ साली, पॅरिस येथे डागेरच्या छायाचित्रणाची कृती जाहीर झाली. १८५४ साली मुंबईत छायाचित्रकारांची संस्थाही स्थापन झाली. म्हणजे बेटांचे बेटपण सरत चालले होते आणि कॅमेरा दारात येत होता. कोळ्यांचा चेहरा काचेवर उमटू लागला तो या संधिकालात.

पण तो उमटला कसा? विल्यम जॉन्सन नावाच्या इंग्रज छायाचित्रकाराने मुंबईतील नाना जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे १८६३ व १८६६ साली दोन खंडांत प्रसिद्ध केली. माणसे एका जागी उभी करून टिपावयाची आणि त्यांच्यामागे दुसऱ्याच जागेचे दृश्य जोडावयाचे, अशी त्याची पद्धत होती. त्यापाठोपाठ १८६८ ते १८७५ या काळात सरकारी प्रेरणेने हिंदुस्थानातील लोकांच्या छायाचित्रांचे आठ खंड निघाले. अशा संग्रहांत चित्राखाली नाव असते, परंतु बहुतेक वेळा ते जातीचे. कोळी येतो तो ‘कोळी’ म्हणून. त्याचे आईबापांनी ठेवलेले नाव काय, तो कोणत्या पाड्याचा, त्याच्या शेजारी उभी असलेली स्त्री त्याची कोण, हे विचारण्याची गरज छायाचित्रकाराला भासली नाही. त्याला नमुना हवा होता. नमुन्याला नाव लागत नाही.

ही गोष्ट केवळ मुंबईची नाही. १९१६ साली आर. व्ही. रसेल आणि आपल्या कटनीचे रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर चार खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. आपला छिंदवाडा जिल्हा त्या प्रांतातच होता. ग्रंथ परिश्रमाचा आहे, आजही अभ्यासकांना तो हाताशी लागतो. त्यात ढीमर जातीचे प्रकरण आहे. ढीमर म्हणजे नदी-तलावांवर मासे धरणारे, शिंगाड्याचे वेल लावणारे, पूर्वी पालख्या वाहणारे लोक; आपल्याकडे भोई म्हणतात त्यांच्याच व्यवसायाचे. त्या प्रकरणाच्या सोबत दोन छायाचित्रे आहेत: एक मासेमाराच्या झोपडीचे, दुसरे झाडाचे खोड पोखरून केलेल्या डोंग्यांत बसलेल्या मासेमारांचे. त्या डोंग्यांतली माणसे कोणाचे तरी आजे-पणजे असली पाहिजेत. त्यांची पणतवंडे आज याच प्रदेशात कोठेतरी असतील, आणि ते चित्र समोर आले तरी ‘हा आमचा’ असे म्हणण्याचा काही आधार त्यांच्याजवळ असणार नाही.

याच्या उलट कोळीवाड्यातल्या घरातली तसबीर पाहावी. कोळी कुटुंबांनी स्वतःच्या हौसेने काढवून घेतलेली ही छायाचित्रे बहुधा लग्नकार्यातली किंवा स्टुडिओतली: मागे रंगवलेला पडदा, मध्ये खुर्चीवर घरचा वडीलधारा, कडेला काष्ट्याचे लुगडे चापूनचोपून नेसलेल्या आणि गळाभर सोने ल्यालेल्या बाया. दोन्ही प्रकारच्या चित्रांत पोशाख तोच, चेहऱ्याची ठेवण तीच. फरक इतकाच, की इथे प्रत्येक चेहऱ्यामागे एक नाते आहे आणि ते सांगणारे कोणीतरी घरात आहे. हा तांडेल, म्हणजे नौकेचा मुख्य. ही त्याची थोरली बहीण, जिने बाजारात बसून मासळी विकली आणि भावंडांचे संसार उभे केले. ही होडी शिडाची होती, पुढे हिला यंत्र बसले. हे डोलीचे जाळे, खुंटांना बांधून भरती-ओहोटीच्या ओढीवर धरावयाचे. तेव्हा ते सुताचे असे, नायलॉन नंतर आले. सांगणारा सांगू लागला, की एका कागदातून बंदर उभे राहते, बोंबील वाळत घातलेल्या वलांड्या उभ्या राहतात. तो थांबला, की उरते ते लुगडे आणि दागिने. मग ते चित्र आणि जॉन्सनच्या खंडातले चित्र यांत काही अंतर राहत नाही. आपल्याच घरात आपला माणूस नमुना होऊन बसतो.

यात भावनेखेरीज व्यवहाराचाही भाग आहे. वरळीच्या कोळीवाड्यासमोरून २००९ साली सागरी सेतू गेला. पुढे किनारा रस्ता आला. त्या रस्त्याच्या पुलाच्या खांबांमधून होड्या सुखरूप जाव्यात म्हणून वरळीच्या मच्छीमारांनी दीर्घकाळ झगडा केला, आणि २०२२ सालाच्या अखेरीस खांबांमधले अंतर ६० मीटरांऐवजी १२० मीटर ठेवण्याचे मान्य झाले. अशा प्रसंगी ‘आम्ही येथे पूर्वापार आहोत’ हे वाक्य त्या लोकांना पुन्हा पुन्हा उच्चारावे लागते. होड्या कोठे लागत, जाळी कोठे वाळत, कोणाचे घर कोठे होते, हे दाखवणारे छायाचित्र अशा वेळी साक्षीला येऊ शकते. मात्र त्यावर स्थळ, साल आणि नावे असतील तर. नाव-गाव नसलेला साक्षीदार कोण मानणार?

परदेशातले एक उदाहरण येथे सांगण्याजोगे आहे. आयर्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला ग्रेट ब्लास्केट नावाचे एक लहानसे खडकाळ बेट आहे. तेथली थोडकी वस्ती डांबर लावलेल्या कापडी होड्यांतून मासेमारी करी आणि आपली जुनी आयरिश भाषा बोले. तरुण माणसे अमेरिकेला जात राहिली, वस्ती विरळ झाली. १९४७ साली वादळाने वाट बंद झाली आणि अन्नाची टंचाई पडली, तेव्हा बेटकऱ्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरांना मदतीसाठी तार केली. अखेर १९५३ साली उरलेल्या माणसांना सरकारने मुख्य भूमीवर हलवले आणि ते गाव ओस पडले.

पण ब्लास्केटची माणसे नाहीशी झाली नाहीत. त्यांची छायाचित्रे काढली ती बव्हंशी बाहेरून आलेल्या अभ्यासकांनीच. तथापि हे अभ्यासक त्यांच्या घरी उतरत, त्यांची भाषा शिकत, चुलीपाशी बसून त्यांच्या कथा ऐकत. ब्रिटिश म्युझियममधले रॉबिन फ्लॉवर वर्षानुवर्षे तेथे जात राहिले. बेटकऱ्यांनी त्यांच्या आडनावावरून त्यांना ‘लहानसे फूल’ अशा अर्थाचे लाडके नाव ठेवले होते. टोमास ओ’क्रोहन या बेटावरच्याच मासेमाराने आपले आत्मचरित्र आपल्या भाषेत लिहिले, ते १९२९ साली प्रसिद्ध झाले, आणि फ्लॉवर यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद केला. म्हणून त्या बेटावरच्या छायाचित्रांतला म्हातारा ‘एक आयरिश मासेमार’ म्हणून उरला नाही, टोमास म्हणून उरला. कॅमेरा दोन्हीकडे परक्याचाच होता. एकाने जात विचारली, दुसऱ्याने नाव विचारले. शंभर वर्षांनंतर दोन चित्रांत जो फरक दिसतो तो एवढ्या एका प्रश्नाचा आहे.

आता आपल्या घराकडे वळू. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. सोयरीक नागपूर, वर्धा, अमरावतीची आणि कचेरी छिंदवाड्याची, अशी आपली स्थिती पुष्कळ वर्षे होती. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. या सर्व उलाढालीत आपले दफ्तर हिंदीत गेले, मुले नोकरीसाठी नागपूर-पुण्याकडे गेली, जुनी माडीची घरे पडून स्लॅबची घरे झाली. घर पाडताना भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरतात, त्या नव्या भिंतीवर पुन्हा चढतातच असे नाही. त्या पेटीत जातात, पेटी माळ्यावर जाते, आणि एके दिवशी चौकट व काच भंगारवाल्याकडे व आतला कागद उकिरड्यावर जातो. कोणी दुष्टपणाने करत नाही. ‘यातले कोणीच ओळखू येत नाही’ एवढेच कारण असते.

एका भोई कुटुंबाच्या घरी काही कामानिमित्त गेलो असता तेथल्या आजीबाईंनी भिंतीवरची एक पुसट तसबीर मला दाखवली होती. बोट ठेवून त्या म्हणाल्या, “हे माही आत्या होय, गुरुजी. इचं नाव सांगणारी आता म्या एकलीच राह्यली.” त्या बोलण्यात तक्रार नव्हती, हिशेब होता; आणि तो हिशेब आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी लागू पडतो.

म्हणून काही व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. घरातल्या सर्वांत वयोवृद्ध व्यक्तीपाशी सगळ्या तसबिरी घेऊन बसावे. एका बैठकीत पाच-सहा छायाचित्रांहून अधिक घेऊ नयेत; म्हातारी माणसे थकतात, आणि एका नावाला जोडून दुसरी हकीकत येते तिला सवड द्यावी लागते. छायाचित्राच्या पाठीवर, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावे. बॉलपेन वापरू नये. त्याच्या टोकाचा वळ पुढच्या बाजूस उमटतो आणि शाई कालांतराने फुटते. माणसे पुष्कळ असतील तर वेगळ्या कागदावर चेहऱ्यांची बाह्यरेषा काढून क्रमांक घालावेत व यादी करावी. नाव, नाते, गाव, अंदाजे साल आणि सांगणाऱ्याचे नाव, एवढे पुरे. ओल्या फडक्याने छायाचित्र पुसू नये, डिंकाने चिकटवू नये, प्लास्टिकमध्ये गरम करून बंदिस्त करू नये. आज घरोघरी मोबाईल आहे. त्यावर प्रत घेताना पुढच्या बाजूबरोबर मागची बाजूही टिपावी, नाहीतर नातवंडांच्या हाती पुन्हा मुके चित्रच जाईल.

दोन गोष्टींकडे विशेष लक्ष असावे. आपल्याकडे लग्नात मुलीचे नाव बदलण्याची रीत पुष्कळ घरांत होती. म्हणून स्त्रियांची सासरची व माहेरची दोन्ही नावे लिहावीत. एकच लिहिले तर एका घरातून ती बाई कायमची पुसली जाते. आणि छायाचित्राच्या कडेला उभा असलेला सालदार, दाई, मुलांना कडेवर घेतलेली मोलकरीण, यांची नावे आवर्जून विचारावीत. शाळांच्या जुन्या समूहचित्रांत पाहुण्यांची व शिक्षकांची नावे छापलेली दिसतात, चपराशाचे क्वचित दिसते. रसेलसाहेबांच्या ग्रंथातल्या डोंग्यातल्या माणसाची जी गत, तीच मग त्यांची आपल्या हातून होते.

पोळा झाला, की पितृपक्ष फार लांब नसतो. त्या पंधरवड्यात श्राद्धाला बसणाऱ्याला पिता, पितामह, प्रपितामह, तसेच माता, पितामही, प्रपितामही यांची नावे उच्चारावी लागतात, आणि नाव आठवेना म्हणून घरोघर शोधाशोध होते. त्याच दिवसांत भिंतीवरच्या व पेटीतल्या तसबिरी उतरवून घ्याव्यात, पेन्सिल हाती घ्यावी आणि घरातल्या वडील माणसाला विचारावे, “आजी, हे कोण?” उत्तर लिहून झाले, की पुढची तसबीर घ्यावी.