भट्टीवर निघालेला किमती ऐवज

दिवाळीची सुट्टी जवळ आली की पर्यटनाच्या पुरवण्यांत एक लेख हमखास येतो. परदेशी जाताना पासपोर्टच्या दोन झेरॉक्स काढा, एक बॅगेत आणि एक घरी ठेवा. फोटो रोजच्या रोज क्लाउडवर चढवा. पैसे एकाच पाकिटात ठेवू नका. दागिने घालून मिरवू नका. या सल्ल्यात चूक काहीच नाही. चूक आहे ती त्यामागच्या समजुतीत. प्रवासात गमावण्यासारखे काही असलेच तर ते विमानाने जाणाऱ्याकडे असते, असे तो लेख धरून चालतो.

त्याच दिवाळीनंतर जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतल्या पाड्यांवरून, नागली-वरईची कामे उरकून, हजारो कुटुंबे भिवंडी, कल्याण, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर जगायला निघतात. टेम्पोत भांडी, कोंबड्या, पोरे आणि कागदपत्रांचे एक गाठोडे. परत यायचे ते पावसाच्या तोंडाशी. युरोपची सहल दहा-पंधरा दिवसांची असते, हा मुक्काम अर्ध्या वर्षाचा. माझे म्हणणे असे की प्रवासातल्या सुरक्षिततेची खरी गरज या गाठोड्याला आहे. आणि ते सांभाळणे हे एकट्या मजुराचे काम नाही, कागद देणाऱ्या सरकारचेही आहे.

पहिला आक्षेप ठरलेला: त्यांच्याकडे चोरण्यासारखे असते काय? हा प्रश्न विचारणारा चोराच्या नजरेने किंमत करतो. चोराला बाजारभाव दिसतो. मालकाने मात्र वेगळा हिशेब करायचा असतो: वस्तू गेली तर परत मिळवायला काय पडेल? सोन्याची साखळी पैसे साठवून पुन्हा घेता येते. पण वनहक्क कायद्याचा दावा घ्या. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जमीन आपल्या ताब्यात होती, हे आदिवासी कुटुंबाला दाखवावे लागते. कोणते पुरावे चालतील हे सांगणाऱ्या तेराव्या नियमात मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड, पासपोर्ट आणि घरपट्टीची पावती ही एकाच ओळीत येतात. कायद्याने रेशनकार्डाला पासपोर्टच्या पंक्तीला बसवले. आपण मात्र एकाला तिजोरी दिली आणि दुसऱ्याला फडक्याची गाठ.

जातीच्या दाखल्याचे तसेच. अनुसूचित जमातीच्या माणसाकडे ६ सप्टेंबर १९५० या तारखेच्या आधीपासूनच्या वास्तव्याचा पुरावा मागितला जातो. आजोबांच्या शाळेतल्या नोंदीचा उतारा मिळालाच असेल, तर तो पिवळा पडलेला कागद नातवाच्या शिक्षणाची आणि नोकरीची किल्ली असतो. त्याला बाजारात दमडीही येणार नाही, आणि तो गेला तर लाख रुपये टाकूनही विकत मिळणार नाही.

भट्टीवर जन्मलेल्या मुलाचे पाहा. १९६९ च्या कायद्यानुसार जन्माची नोंद जिथे जन्म झाला तिथल्या निबंधकाकडे, २१ दिवसांत व्हावी लागते. मूल मोखाड्याचे, नोंद भिवंडीची. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांना शाळाप्रवेशापासून आधारपर्यंत सगळीकडे जन्माचाच दाखला लागणार, असे कायदा सांगतो. तो कागद पावसात भिजला तर आईने कुठे जायचे? पॅरिसमध्ये पासपोर्ट हरवला तर पोलिसांत तक्रार करून भारतीय दूतावासात जाता येते आणि मायदेशी परतण्यापुरते आपत्कालीन प्रमाणपत्र मिळते. भिवंडीत कागद हरवलेल्या मोखाडकराला मजुरी बुडवून मोखाडा गाठावे लागते, आणि मोखाड्यात कागद हरवला तर त्याच्या नोंदीसाठी भिवंडी.

दुसरा सल्ला व्यवहारी वाटतो: कागद मुकादमाकडे किंवा मालकाकडे द्या, त्यांच्याकडे कपाट असते. कपाट असते हे खरे, पण किल्लीही त्यांच्याकडेच असते. बयाणा घेऊन आलेल्या मजुराचे आधारकार्ड मालकाच्या कपाटात गेले की ते सांभाळायला दिलेली वस्तू राहत नाही, ओलीस राहते. आखाती देशांत नोकरदारांचे पासपोर्ट अडकवून ठेवण्याची रीत आपण ऐकून आहोत. तिथे निदान म्हणता येते की भारतीय पासपोर्ट ही १९६७ च्या पासपोर्ट कायद्यानुसार भारत सरकारची मालमत्ता आहे, ती अडवणारे तुम्ही कोण? वेठबिगारी तर १९७६ च्या कायद्याने संपवली. तरी याच पट्ट्यात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आदिवासी मजुरांच्या श्रमजीवी संघटनेला ऐंशीच्या दशकात तिच्याविरुद्ध लढावे लागले. त्या अनुभवानंतरही ‘मालकाकडे ठेवा’ असे सांगणे भोळेपणाचे नव्हे, सोयीचे आहे.

तिसरे मत: सगळे घरीच ठेवून जावे. अर्ध्या वर्षासाठी बंद असलेले कुडाचे घर म्हणजे वाळवी आणि उंदरांना मोकळे रान. शिवाय रेशनकार्ड, आधार, बँकेचे पासबुक तिकडे रोज लागते. तरीही या मतात अर्धे सत्य आहे, ते घेतले पाहिजे. भट्टीवरच्या खोपीत जाळ, धुरळा आणि पाणी तिन्ही असतात. आजोबांचा शाळेचा उतारा किंवा वनहक्काच्या दाव्याची पोच तिथे नेण्याचे कारण नाही. जे रोज लागते ते बरोबर, जे आयुष्यात एकदाच लागते ते मागे; पण मागे म्हणजे रिकाम्या घरात नव्हे, गावात राहणाऱ्या माणसाकडे.

चौथा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. आता सगळे डिजिटल झाले; डिजिलॉकर आहे, मोबाइलमध्ये फोटो आहे, कागद कशाला जपायचा? डिजिलॉकर २०१५ पासून आहे आणि त्यातल्या दाखल्यांना कायद्याची मान्यता आहे. एका राज्याचे रेशन दुसऱ्या राज्यात मिळण्याची सोय २०१९ साली ज्या पहिल्या जोड्यांत सुरू झाली, त्यांत महाराष्ट्र-गुजरात ही जोडी होती. वापी-उंबरगावकडे जाणाऱ्यांना तिचा उपयोग आहे. ही सोय नाकारणे अडाणीपणाचे होईल.

पण तिच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ऑनलाइन दाखल्याचे दार ओटीपीने उघडते, आणि ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरावर. रिचार्ज न केल्याने तो नंबर बंद पडला की दार बंद. रेशनच्या यंत्राला बोटांचे ठसे लागतात, आणि माती-विटांत राबलेल्या बोटांवरचे ठसे झिजतात. संगणक येण्यापूर्वीचे हाताने लिहिलेले दाखले तर कोणत्याही लॉकरात आपोआप येत नाहीत. कागदाचा फोटो माहिती वाचवतो, नंबर आणि तारीख हाताशी ठेवतो, म्हणून तो काढलाच पाहिजे. पण कार्यालयाच्या खिडकीवर बहुतेक वेळा मूळ कागद दाखवा असेच ऐकावे लागते.

आणि फोटो हा स्वतःही ऐवज आहे. मोखाड्याच्या बोहाडा उत्सवात देवाचे सोंग नाचवणारा बाप, गेलेल्या आजीचा एकुलता एक चेहरा, भट्टीवर जन्मलेल्या पोरीचे पहिले हसू, हे सगळे एका स्वस्त मोबाइलमध्ये असते, आणि तो धुळीत, चिखलात, उन्हात वापरला जातो. ‘गरिबाला कसले आले फोटोंचे कौतुक’ असे म्हणणाऱ्याने आपल्या घरातले अल्बम आठवावेत. शिवाय फोटो हा हिशेबाचाही साक्षीदार असतो. भट्टीची मजुरी हजार विटांमागे ठरते, आठवड्याला खर्ची मिळते आणि खरा हिशेब हंगामाच्या शेवटी होतो. दर आठवड्याला मुकादमाच्या वहीच्या पानाचा फोटो काढून तो गावाकडच्या नातेवाइकाला पाठवला, तर हिशेबाच्या दिवशी पान फाटले तरी पुरावा उरतो.

पाचवा आक्षेप: हरवले तर निष्काळजीपणा त्यांचा, सरकारने काय करायचे? यातली अर्धी जबाबदारी मी मान्य करतो आणि ती नेमकी सांगतो. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रॉग यांनी रूढ केलेला एक नियम पाड्यावरही लागू पडतो: तीन प्रती, दोन वेगळी माध्यमे, एक प्रत दुसऱ्या ठिकाणी. बरोबर न्यायचे मूळ कागद झिप असलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत आणि घरातल्या बाईच्या ताब्यात, त्यांची झेरॉक्स गावी, फोटो दोन मोबाइलांत. जुन्या कागदाला लॅमिनेशन करू नये, कारण तापवून चिकटवलेले प्लास्टिक नंतर निघत नाही. जपायचा फोटो व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, नाहीतर त्याचा दर्जा उतरतो. मनाला प्यारे असे चार-पाच फोटो छापूनच घ्यावेत. छापील फोटोला चार्जिंग लागत नाही.

उरलेली अर्धी जबाबदारी सरकारची. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराने प्रत्येक मजुराला त्याचा फोटो लावलेले, त्याच्या भाषेतले पासबुक द्यावे अशी तरतूद होती. म्हणजे प्रवासी मजुराला ओळखीचा कागद हवा, हे दिल्लीला तेव्हाच कळले होते. पण तो कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता. मोखाड्याहून उंबरगावला जाणारा त्यात बसला, भिवंडीला जाणारा बाहेर राहिला, जणू मुलुख सोडण्याचे हाल सीमेच्या पाटीनंतरच सुरू होतात.

रेशनकार्ड, जातीचा दाखला, जन्मदाखला, या प्रत्येकाची मूळ नोंद सरकारच्याच दप्तरात असते. मजुराकडे असते ती प्रत. प्रत हरवल्याची शिक्षा म्हणून त्याने दोन तालुक्यांत खेटे घालणे हा न्याय नव्हे. टेम्पो निघण्याआधी ग्रामपंचायतीने आणि आश्रमशाळेने कुटुंबाच्या कागदांची प्रत पोच देऊन ठेवून घ्यावी. जुन्या हस्तलिखित नोंदी संगणकावर आणाव्यात. महाराष्ट्राने २०१५ साली लोकसेवा हक्काचा कायदा करून वेळेत सेवा देण्याचे बंधन स्वतःवर घातलेच आहे. त्यात एवढीच भर हवी की हंगामात मजूर जिथे असेल तिथल्या तहसील कार्यालयातून त्याला त्याच्या नोंदीची प्रत मिळेल. भिवंडीत मोखाड्याची वकिलात उघडायला कोणी सांगत नाही. आहे त्या कार्यालयातल्या आहे त्या संगणकाने शेजारच्या जिल्ह्यातली नोंद उघडावी, इतकेच मागणे आहे.