मुंबईच्या नकाशावरचं मैदान २०२८ नंतरही टिकेल का?

तुमच्या घराजवळ मुंबईच्या 'विकास आराखडा २०३४'मध्ये (डीपी) मैदान दाखवलंय, पण प्रत्यक्षात तिथे पत्र्याचं कुंपण आहे? मग १ सप्टेंबर २०२८ ही तारीख लक्षात ठेवा.

डीपी म्हणजे नेमकं काय?

पुढच्या साधारण २० वर्षांत शहराला काय लागेल, याची उद्दिष्टं ठरवून ती नकाशावर उतरवणं म्हणजे डीपी. शाळा, दवाखाना, मैदान, रस्ता यांसाठी जागा राखून ठेवल्या जातात. यालाच आरक्षण म्हणतात. हे सगळं १९६६ च्या एमआरटीपी कायद्यानुसार चालतं.

मुंबईचा पहिला मसुदा २०१५ मध्ये आला. त्यात इतक्या चुका निघाल्या की राज्य सरकारने तो नव्याने करायला लावला. अखेर १ सप्टेंबर २०१८ पासून डीपी लागू झाला. १० लाख परवडणारी घरं आणि ८० लाख रोजगार, अशी मोठी उद्दिष्टं तेव्हा सांगितली गेली.

मग अडचण कुठे आहे?

आरक्षण पडलं म्हणजे जागा पालिकेची झाली, असं नाही. खासगी जागा असेल तर ती ताब्यात घ्यावी लागते. त्यासाठी मालकाला पैसे द्यायचे किंवा टीडीआर, म्हणजे दुसरीकडे बांधकाम करण्याचा हक्क.

डीपी लागू झाल्यापासून १० वर्षांत हे झालं नाही, तर कलम १२७ नुसार मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत जागा घेतली नाही किंवा घेण्यासाठी पावलं उचलली नाहीत, तर आरक्षण रद्द होतं. मग आजूबाजूच्या जमिनीवर जे बांधता येतं, ते तिथेही बांधता येतं.

यात मालकाची बाजूही आहे. त्याची जमीन मोबदला न देता वर्षानुवर्षं अडकवून ठेवणं बरोबर नाही, म्हणूनच हे कलम आहे. पण पालिकेच्या दिरंगाईची किंमत मोजतात ती गल्लीत क्रिकेट खेळणारी मुलं. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार माणशी १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा हवी. मुंबई त्याच्या जवळपासही नाही.

तुम्ही काय करू शकता?

पालिकेच्या वेबसाइटवर डीपीचे नकाशे आहेत. आपल्या भागातली आरक्षणं बघा. जागा ताब्यात आली का, हे माहिती अधिकारात विचारा. उत्तर 'नाही' असेल, तर नगरसेवकाला आत्ताच गाठा. नोटीस आल्यावर हातात फक्त दोन वर्षं उरतात.